दाताचा सातबारा

माझ्या धाकट्या भावाचे दुधाचे आठ दात एका काडेपेटीत आहेत. आमच्या सारवे कोळीवाड्यात पडलेला दात पत्र्यावर फेकायची रीत आहे, पण दामूने एकही फेकू दिला नाही. हातातली वस्तू त्याला सोडवत नाही. आता पन्नाशीचा आहे, वाचता येत नाही, दहाच्या पुढे मोजता येत नाही, आणि काडेपेट्या मात्र पन्नासेक असतील. कुठल्या पेटीत काय आहे ते विचारा, बरोब्बर सांगेल.

मी कुंदा नाखवा. बावीस वर्षं विद्यापीठात पर्यावरण न्याय आणि आरोग्य समता हा विषय शिकवला. नातेवाईक विचारायचे, म्हणजे नक्की काय शिकवतेस गो? मी सांगायचे, घाण कोण करतो आणि आजारी कोण पडतो, या दोघांची गाठ घालून देते. त्यांना ते पटायचं, कारण आमच्याकडे दोन्ही होतं. खाडीच्या ईशान्येला जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढणारा कारखाना आहे, आणि अलीकडे आमचं गाव. गावात दामूसारखी मुलं दर पिढीत निघतात. पूर्ण दामू नाही, पण अर्धा दामू, पाव दामू. चौथीत बसलेलं पोर चौथीतच राहतं, हात थरथरतात, डोकं दुखतं.

माझं प्रत्येक व्याख्यान एकाच वाक्याने सुरू व्हायचं. 'त्या कारखान्याने माझा भाऊ खाल्ला.' त्या वाक्यावर मी दोन परदेशी परिषदा आणि एक बढती मिळवली, हे आता लपवण्यात अर्थ नाही. वाक्य खोटं होतं असंही नाही. पुरावा तेवढा नव्हता.

अडचण अशी की शिसं रक्तात महिनाभर दिसतं आणि मग हाडांत जाऊन बसतं. आज रक्त तपासलं तर आजचं कळतं. दामू आईच्या पोटात असताना काय झालं, ते कोण सांगणार? कारखान्याचे वकील दरवेळी दोनच प्रश्न विचारायचे. कशावरून आमचं, आणि कशावरून तेव्हाचं? आम्ही दरवेळी घरी परत यायचो.

२०३६ साली दात वाचायचं यंत्र आलं आणि हे दोन्ही प्रश्न मिटले.

दात एकदम तयार होत नाही. अंगण सारवताना एकावर एक हात फिरवावा, तसा त्याच्यावर रोज एक पातळ थर चढतो. आईच्या पोटात चौथ्या-पाचव्या महिन्यात सुरुवात होते आणि जन्मानंतर तीनेक वर्षं काम चालतं. जन्माच्या दिवशी बाळाला जो हिसका बसतो, त्याची एक ठळक रेघ दातात कायमची उमटते. त्या रेघेपासून थर मोजत मागे-पुढे गेलं की तारीख सापडते. शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसतं आणि थरात बसवून टाकतं. यंत्र केसाएवढा चर मारून थरामागून थर जाळतं आणि त्यातलं शिसं तोलतं. शिशाचे अणू चार वजनांचे असतात आणि त्यांचं आपसातलं प्रमाण खाणीगणिक बदलतं. त्यामुळे किती आणि कधी याच्या जोडीला कुणाचं हेही कळतं. आमच्या कारखान्यात येणाऱ्या मालाचं मिश्रण इतकं वेगळं होतं की त्याची ओळख पटवायला विद्यार्थीही पुरायचा.

लोकांनी त्या अहवालाला 'दाताचा सातबारा' म्हणायला सुरुवात केली. दोन वर्षांत विमेवाले तो मागू लागले, चांगल्या शाळा प्रवेशाला मागू लागल्या, आणि स्थळं बघताना मुलीकडचे मुलाच्या आईला हळूच विचारू लागले, दात ठेवलेत का हो? असं होईल हे आम्हाला सुचलं नव्हतं. सुचायला हवं होतं.

पाठोपाठ कायदा आला. ज्याचं शिसं मुलाच्या दातात, त्याने मुलाचे उपचार आणि शिक्षण बघायचं, गावात दवाखाना बांधून द्यायचा. त्या कायद्याचा नमुना अर्ज ठरवणाऱ्या समितीवर मी होते. मसुद्यात दोन रकाने होते, 'उगम' आणि 'मार्ग'. मार्ग म्हणजे शिसं शरीरात कसं गेलं, हवेतून, पाण्यातून की आणखी कशातून. मी तो रकाना भांडून काढायला लावला. म्हटलं, मार्ग विचारलात की कंपन्या त्याच्यामागे लपतील, वीस वर्षं वाऱ्याची दिशा सिद्ध करण्यात जातील. सगळ्यांना पटलं. अर्जात 'उगम' एवढाच रकाना राहिला, आणि मला स्वतःचा अभिमान वाटला.

सारवे गावातल्या एकशे सेहेचाळीस मुलांचे दात आम्ही वाचले. आयांना सांगून ठेवलं होतं, यंदा पत्र्यावर फेकू नका, पाकिटात घाला. १४६ पैकी १४१ दातांत उगम तोच, कारखाना. त्या आधारे गावाने दावा केला आणि सुनावणी भाद्रपदात लागली. विद्यापीठात नवं संशोधन केंद्र उघडणार होतं आणि त्याच्या संचालकपदी माझं नाव जवळजवळ नक्की होतं. आमच्या विभागप्रमुख डॉ. इनामदार यांनी तर केंद्राच्या पाटीचा मजकूर मला वाचायला दिला होता.

ज्येष्ठातली गोष्ट. मी सगळे आलेख एकाखाली एक लावत होते. आधी प्रत्येक मुलाच्या वयाप्रमाणे लावले होते, आता कॅलेंडरप्रमाणे लावले. तसे लावल्यावर उंचवटे एका रांगेत आले. दरवर्षी आषाढ आणि श्रावण. बाकी वर्षभर रेघ जमिनीलगत.

हे बरोबर नव्हतं. पावसाळ्यात आमच्याकडे वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे धूर गावाकडे येतच नाही, उलट जातो. चिमणीचं शिसं असतं तर उंचवटे थंडीत दिसायला हवे होते. मी तीन दिवस स्वतःची समजूत घातली, की पावसाचं पाणी कारखान्याच्या आवारातून वाहत येऊन विहिरीत शिरत असेल. समजूत वाईट नव्हती. परीक्षेत कुणी लिहिली असती तर मी गुण दिले असते.

चौथ्या दिवशी गावी गेले. दामूला अर्धा तास विनवून काडेपेटी उघडायला लावली, एक दाढ उसनी घेतली, आणि आठवड्याने तिचा आलेख घेऊन परत आले. दामूने आधी दाढ मागितली, नीट निरखून पाहिली आणि पेटीत ठेवली.

"ताय, हिला चर पडलाय," तो म्हणाला.

"केसाएवढाच आहे रे."

"पण पडलाय ना."

आय ओट्यावर जाळं घेऊन बसली होती. होड्या पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीमुळे किनाऱ्यावर ओढलेल्या, आणि या दिवसांत प्रत्येक ओट्यावर जाळीच असतात. ती सत्त्याहत्तर वर्षांची, सुई अजून डोळे न बारीक करता ओवते. मी तिच्यापुढे आलेख ठेवला. कागदावर एक रेघ, आणि रेघेवर तीन डोंगर.

"ह्यो काय गो?"

"दामूचा दात आहे. ही उभी रेघ म्हणजे तो जन्मला तो दिवस. हिच्या अलीकडे तो तुझ्या पोटात."

तिने कागद जवळ घेतला. शाळा तिसरीपर्यंत, पण भरती-ओहोटीचा तक्ता वाचत आयुष्य गेलेलं, त्यामुळे चढउतार तिला समजावून सांगावा लागला नाही.

"मगशीरात झाला ह्यो," ती बोट सरकवत म्हणाली. "म्हंजे ह्यो पयला डोंगर आषाढाचा. मी पाच महिन्यांची होते. ह्यो पुढल्या वर्साचा आषाढ." बोट पुढे गेलं आणि सपाट जागेवर थांबलं. "हितं काय नाय."

"तिथे काही नाही. मग त्याच्या पुढल्या वर्षी परत आहे. मला तेच कळत नाहीये. ते एक वर्ष कारखाना बंद होता का गं?"

"बंद कसला? त्या वर्सी तर रातपाळी लावलेली त्यांनी. आन् पाणी किती, आपल्या उंबऱ्याला लागलेलं. विहीर बुडालेली."

माझी विहिरीची समजूत तिथेच संपली. आय आठवत होती.

"त्या वर्सी तुझ्या बापाचा हात मोडलेला," ती म्हणाली. "होडी पाण्यात गेलीच नाय. मग जाळी कशाला शिवायची? कढय चढलीच नाय त्या वर्सी."

"कुठली कढई?"

"शिशाची गो. इसारलीस?"

मी विसरले नव्हते. त्या गोष्टीकडे बावीस वर्षांत मी एकदाही संशोधक म्हणून पाहिलं नव्हतं, एवढंच. फेकजाळ्याच्या काठाला शिशाच्या गोळ्या लागतात, त्याशिवाय जाळं बुडत नाही. पावसाळ्यात जाळी दुरुस्त करायची, जुन्या गोळ्या काढून वितळवायच्या, मातीच्या साच्यात नव्या ओतायच्या. बाहेर पाऊस, म्हणून हे काम घरात, चुलीवर, दारं लावून. ओतायला बसवायचं ते गरोदर बाईला. पोटुशी बाईने मासळीची पाटी उचलायची नाही, चिखलात उतरायचं नाही, हा आमचा नियम. तिला बसून करायचं काम द्यायचं. हातात पळी देऊन चुलीपुढे पाटावर बसवायचं. सासूची माया म्हणायचे त्याला, आणि ती खरीच माया होती.

"ते शिसं यायचं कुठून?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

"कारखान्याच्या भिंतीमागं टाकायचे ना बॅटऱ्यांच्या फुटक्या पाट्या, खाडीच्या चिखलात. बाप आणायचा तुझा. सगळं गाव आणायचं. आता नाय टाकत, पण आता लागतंय कुणाला? तेच फिरवून फिरवून वापरतोत."

म्हणजे यंत्र खरं बोलत होतं. शिसं कारखान्याचंच. गेली पन्नास वर्षं तेच शिसं कढईतून जाळ्यात आणि जाळ्यातून कढईत फिरत होतं, आणि दर फेरीला थोडं थोडं मुलांच्या दातांत उतरत होतं.

मी आयला त्या दिवशी पुढचं काही सांगितलं नाही. विद्यापीठात परत आले आणि डॉ. इनामदारांना सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्या हुशार बाई, आणि वाईट तर मुळीच नाहीत.

"अर्जात मार्ग विचारलाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग आपण खोटं लिहितोय का?"

"नाही मॅडम. उगम कारखानाच आहे."

"मग झालं तर. भाद्रपदात निकाल लागू दे. दवाखाना होऊ दे. दुसऱ्या दिवशी तू स्वतः गावात जा आणि एकेका घरातली कढई उतरव. तीन महिन्यांचा प्रश्न आहे, कुंदा."

"तीन महिन्यांत आषाढ येतो."

त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं.

"गावात आज अकरा बायका गरोदर आहेत," मी म्हटलं. "आरोग्यसेविकेकडून यादी घेतली मी."

"आणि शाळेत जाणारी तीनशे मुलं आहेत, ज्यांना त्या दवाखान्याशिवाय दुसरं काही मिळणार नाही. तू आज गावात बोललीस की आठ दिवसांत त्यांच्या वकिलाला कळेल. तो म्हणेल, यांनीच आपल्या चुलीवर मुलांना विष घातलं. मग तुझी अकरा वाचतील आणि तीनशे जातील. हे गणित मी तुझ्यासाठी सोडवणार नाही, पण ते तुझ्यापुढे मांडणं माझं काम आहे."

त्यांचं एक अक्षरही चुकीचं नव्हतं. पुढे सगळं त्या म्हणाल्या तसंच झालं.

मी आठवडाभर काहीच केलं नाही. वर्गात शिकवलं, परीक्षेचे पेपर तपासले. भीती वाटत होती, आणि ती अकरा जणींसाठी कमी, आयसाठी जास्त होती. दामू असा का झाला हे गावात कुणी विचारलेलं आयला खपत नसे. ती कारखान्याच्या चिमणीकडे बोट दाखवायची आणि विषय संपायचा. ते बोट दाखवायला मीच तिला शिकवलं होतं. आता मी तिला काय सांगणार होते? की ती चुलीपुढे बसली होती, पाच महिन्यांची, आणि पळी तिच्याच हातात होती.

आषाढ लागायला चार दिवस असताना मी गावी गेले. शेजारच्या वैतींच्या ओट्यावर त्यांची सून प्रणाली बसली होती. सहावा महिना, पहिलटकरीण. सासूने तिच्यासाठी कढई घासून उपडी ठेवली होती. तिने मला हाक मारली, "कुंदाताई, यंदा मला पाटी नाय उचलायची, मजा आहे माझी." मी हसले, आणि घरात जाऊन आयला सगळं सांगितलं.

मी बोलून गेले असं म्हणायला मला आवडेल, पण मी बोलून गेले नाही. आयच्या पोटात काही राहत नाही हे मला पन्नास वर्षं माहीत आहे. मी ठरवून तिला सांगितलं.

ती ऐकत होती. मध्येच उठून दामूला चहा दिला, परत बसली.

"म्हंजे म्या केला त्याला असा," ती म्हणाली.

"शिसं त्यांनी टाकलं होतं, आय."

"टाकलं त्यांनी. कढयीत कुणी घातलं?"

ती रडली नाही. मला रडू आलं, तेव्हा ती म्हणाली, तू गप. सकाळी उठून पाहते तर ती घरात नव्हती.

तिने मोठी मासळीची पाटी डोक्यावर घेतली होती आणि पहिल्या घरापासून सुरुवात केली होती. प्रत्येक दारात पाटी उतरवायची आणि एकच वाक्य बोलायचं, "माझ्या दामूला म्या केलं, चिमणीनं नाय, कढय द्या." ज्या बाईसमोर दामूचं नाव काढायची गावात कुणाची टाप नव्हती, ती ते नाव स्वतः दारोदार नेत होती. बहुतेकांनी कढया दिल्या. दोघांनी दार लावून घेतलं. वैतींच्या सासूने घासलेली कढई पाटीत ठेवली आणि प्रणालीला आत जायला सांगितलं. दुपारपर्यंत एकवीस कढया आमच्या ओट्यावर होत्या, आणि दामू त्या ओळीने लावत होता.

कारखान्याच्या वकिलाला कळायला आठ दिवस लागले नाहीत, पाच पुरले.

सुनावणीत त्यांनी आयलाच साक्षीला बोलावलं. शिसं तुम्ही वितळवलंत का? व्हय. घरात? व्हय. कारखान्याने सांगितलं होतं का? नाय. ती पुढे भिंतीमागच्या चिखलाबद्दल सांगू लागली, तर वकील म्हणाले, तेवढंच पुरे. सुनावणी घेणाऱ्या मंडळाने निकाल दिला की उगम कारखान्याचा असला तरी शिसं मुलांपर्यंत पोचवण्याची कृती रहिवाशांची आहे, सबब दावा नामंजूर. कायद्यात मार्ग कुठेच नव्हता. वकिलांनी तो तोंडी आणला आणि हवा तेवढाच आणला. रकाना असता तर आम्हाला तो पहिल्या फुटक्या पाटीपासून, त्या भिंतीपासून भरता आला असता. तो मीच काढला होता.

दवाखाना झाला नाही. केंद्र झालं, संचालक दुसरे झाले. डॉ. इनामदारांनी मला त्या दिवशी फोन केला, बराच वेळ बोलल्या, आणि मी सांगितलं होतं असं एकदाही म्हणाल्या नाहीत. गाव मात्र म्हणालं. दोन वर्षं मला कुठल्या हळदीचं बोलावणं नव्हतं. तीनशे मुलांच्या आया समोरून आल्या की मी रस्ता बदलायचे. त्यांचा राग रास्त होता, आणि आजही त्यांच्यापुढे मला मान वर करवत नाही. मी विद्यापीठ सोडलं, एका बंद पडलेल्या प्रयोगशाळेचं जुनं यंत्र मिळवलं आणि आमच्याच घराच्या मागच्या खोलीत बसवलं. तेव्हापासून दोन कामं करते. अर्जात 'मार्ग' हा रकाना परत घालावा म्हणून सरकारला पत्रं लिहिते, आणि त्या निकालावरचं अपील चालवते. अपिलात पुरावा क्रमांक एक दामूची दाढ आहे, कारण कारखाना भिंतीमागे शिसं टाकायचा त्या काळातली ती आहे.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. गेल्या आठवड्यात प्रणालीची मुलगी इरा दारात आली, तोंडात खिडकी पडलेली. दात तिने मुठीत धरला होता.

"आजच पायजे परत," तिने बजावलं. "पत्र्यावर टाकायचाय."

ती अकरामधली पहिली. मी दात यंत्रात लावला आणि दार ओढून घेतलं. पाऊण तासात आलेख आला. जन्माची रेघ भाद्रपदाच्या शेवटी, तिच्या अलीकडे आषाढ, पलीकडे आणखी तीन आषाढ. मी कागद दोनदा काढून पाहिला.

आय आता चौऱ्याऐंशीची आहे, कमी दिसतं, पण खोलीत कोण काय करतंय ते तिला कळतं. ती दामूचा हात धरून दारात येऊन उभी राहिली.

"काय लिवलंय हिच्या सातबाऱ्यावर?"

"काही नाही, आय. कोरा आहे."

"सगळा?"

"सगळा. आषाढ कधी आला ते कळतसुद्धा नाही."

तिने कागद मागितला आणि त्या रेघेवरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कुठे अडलं नाही. मग परत एकदा फिरवलं. कागद माझ्याकडे देऊन ती म्हणाली, "दामू, पोरीला दात दे जा. टाकू दे तिला."

दामूने दात घेतला, चर बघितला आणि मग आपली काडेपेटी खिशातून काढली.

"माझेपण टाकू?" त्याने विचारलं. पन्नास वर्षांत त्याने पहिल्यांदा काही टाकायचं म्हटलं होतं.

आयने पेटीवर हात ठेवला.

"तुझे ऱ्हाऊ दे, बाबा," ती म्हणाली. "तुझ्या दातांना अजून बोलायचंय."